संख्या कोठे राहते? मुंबईची शिरगणती आणि वैशेषिक विचार

संख्या हा वैशेषिक दर्शनात द्रव्याच्या ठिकाणी राहणारा गुण आहे. प्रशस्तपादाने सांगितलेल्या चोवीस गुणांत रूप, रस, गंध आणि स्पर्श यांच्या लगोलग तिचा क्रम लागतो. तरीही ती रंगासारखी सरळ नाही. मडक्याचा तांबडेपणा कोणी पाहो न पाहो, तो मडक्यात असतो. एकत्वाचेही तसेच. पण दोन मडकी समोर असली तरी ‘दोन’ ही संख्या त्यांच्या ठिकाणी आधीपासून नसते. पाहणाऱ्याच्या मनात ‘हे एक, हे एक’ असे ज्ञान व्हावे लागते. या ज्ञानाला अपेक्षाबुद्धी म्हणतात. तिच्या योगाने त्या मडक्यांत द्वित्व उत्पन्न होते आणि ती मावळली की तेही नष्ट होते. त्रित्वापासून परार्धापर्यंत सर्व संख्यांना हाच नियम लागू पडतो. या उत्पत्तीची तीन कारणे सांगितली आहेत: जिच्यात संख्या राहते ती द्रव्ये हे समवायी कारण, त्या प्रत्येकातले एकत्व हे असमवायी कारण आणि अपेक्षाबुद्धी हे निमित्त कारण.

काही नैयायिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते संख्या वस्तूंत असतेच. अंधारातली वस्तू दिव्याने दिसावी तशी बुद्धी तिला केवळ प्रकट करते. दोन्ही पक्षांना संख्या खरीच वाटते. मतभेद एवढाच की मोजणारा तिचा साक्षीदार आहे की तिच्या कारणांपैकी एक. मडक्यांच्या बाबतीत हा भेद बारीक वाटतो. महानगराच्या बाबतीत तो बारीक राहत नाही. शहराची लोकसंख्या, त्यातली धर्मांची आणि भाषांची टक्केवारी, झोपड्यांची मोजदाद आणि दरडोई उत्पन्न हे आकडे नुसते आढळतात की मोजण्यातून घडतात, या प्रश्नाच्या उत्तरावर मोजणाऱ्याची जबाबदारी ठरते. मुंबई हे त्याचे जवळचे उदाहरण आहे.

कोणती मुंबई

मोजणीच्या आधी काय मोजायचे ते ठरावे लागते. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३०.८५ लाख होती. कुलाब्यापासून दहिसर आणि मुलुंडपर्यंतची बृहन्मुंबई १ कोटी २४ लाखांची होती. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर आदी जोडून जनगणनेने जो नागरी समूह मानला, तो १ कोटी ८४ लाखांच्या आसपास होता. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्राचा आकडा सव्वादोन कोटींच्या वर जातो. चारही आकड्यांवर मुंबईचेच नाव आहे.

यांतली कोणतीही हद्द निसर्गाने आखलेली नाही. १९५० मध्ये शहराची सीमा अंधेरी आणि भांडुपपर्यंत गेली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. १९४१ आणि १९५१ या दोन गणनांची तुलना करताना फाळणीनंतर आलेले निर्वासित, युद्धकाळातली भरती आणि हद्दीची फेरआखणी यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. याउलट नागरी समूहाच्या व्याख्येत २०११ साली वसई-विरार आणि भिवंडी बसली नाहीत. त्यांचे समूह स्वतंत्र मानले गेले. पहाटेची विरार लोकल पकडून चर्चगेटला उतरणारा माणूस दिवसाचा मोठा भाग मुंबईत घालवतो, पण आकड्यांतल्या मुंबईत तो नसतो.

जंगल आणि सैन्य ही न्यायग्रंथांतली नेहमीची उदाहरणे येथे लागू पडतात. दुरून पाहताना जंगल एक दिसते. जवळ गेले की झाडे दिसतात. घट हा अवयवांहून वेगळा असा खरा अवयवी आहे, जंगल तसा नाही, असे नैयायिक मानतात. बौद्धांचे मत आणखी पुढचे. मिलिंद राजाशी झालेल्या प्रसिद्ध संवादात भिक्षू नागसेन रथाचे चाक, आस, जू एकेक बाजूला करून विचारतो की यांत रथ कोणता. ‘रथ’ हे व्यवहारासाठी दिलेले नावच उरते. महानगराच्या बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत व्हायला अडचण नसावी. शहर हा समूह आहे आणि समूहाची कड कोठे धरायची हे व्यवहार ठरवतो. पाणीपुरवठ्याची मुंबई, लोकलची मुंबई आणि मतदारसंघांची मुंबई या तीन कडा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत.

कोणत्या वेळची मुंबई

मुंबईची पहिली शिरगणती १८६४ साली झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला होता, शेअरांचा सट्टा ऐन भरात होता आणि शहरात माणूस लोटत होता. त्या वर्षी ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. युद्ध संपले, कापूस कोसळला, बँका बुडाल्या. १८७२ च्या गणनेत ६,४४,४०५ माणसे उरली. १९०१ चा आकडाही असाच खाली आला. १८९६ मध्ये मांडवीपासून पसरलेल्या प्लेगने हजारो माणसे मारली आणि त्याहून अधिक गावाकडे पळवली; १८९१ च्या सव्वाआठ लाखांच्या जागी पावणेआठ लाख भरले. या आकड्यांत मुंबईचे बूड स्थिर नव्हते हे दिसते. १९२१ साली शहरातल्या शंभरांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी माणसे शहराबाहेर जन्मलेली होती आणि हजार पुरुषांमागे सहाशे बायकाही नव्हत्या. गिरणीत राबणाऱ्याचे बिऱ्हाड रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यात होते. पगार मुंबईत मिळे, मनीऑर्डर गावाला जाई, शिमग्याला आणि गणपतीला माणूसही जाई. तो कोठला, या प्रश्नाला त्याचे स्वतःचे उत्तर आणि खानेसुमारीच्या कागदाचे उत्तर बहुधा वेगळे असे.

१९३१ पर्यंत हिंदुस्थानची जनगणना एका ठरावीक रात्री होत असे: त्या रात्री जो जेथे सापडला, तो तेथला. पुढे ती पद्धत बदलली आणि नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाला अधिक वजन आले. बेघरांसाठी मात्र रात्रीची मोजणी राहिली. २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या रात्री पदपथ, फलाट आणि पुलांखालच्या जागा फिरून बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले. ज्याला दार नाही त्याच्या दारावर गणकाला क्रमांक घालता येत नाही, म्हणून त्याची नोंद झोपेच्या जागेवरून होते. घर असलेल्यांचीही नोंद शेवटी झोपेच्याच जागेवरून होते. म्हणून फोर्ट आणि कुलाब्याचा ‘ए’ विभाग २०११ मध्ये पावणेदोन-दोन लाखांच्या दरम्यानचा ठरला, जरी दुपारी बारा वाजता तेथे कामावर आलेल्यांची गर्दी त्याच्या अनेक पट असते. रस्ते, शौचालये आणि पाणी ही वस्ती झोपेत वापरत नाही.

गर्दीबद्दलही वैशेषिक-न्यायपरंपरेत एक वाद आहे. ‘न्यायकंदली’कार श्रीधराच्या मते सैन्य किंवा वन पाहताना नेमके किती हे न कळता ‘पुष्कळ’ एवढेच कळते. म्हणून त्रित्व, चतुष्ट्व यांहून निराळी ‘बहुत्व’ नावाची संख्या मानावी. उदयनाचार्यांना ती वेगळी मानण्याची गरज वाटत नाही. तीन आणि त्यापुढच्या संख्या म्हणजेच बहुत्व. सकाळी दादरच्या पुलावर उभ्या असलेल्याला मुंबई दिसते ती श्रीधराच्या अर्थाने. जनगणना तिला उदयनाच्या अर्थाने पाहू पाहते. शहराबद्दलची ‘गर्दी फार झाली’ ही तक्रार बहुत्वातून निघते आणि आकड्यांनी ती सहसा मिटत नाही. बृहन्मुंबईची चौरस किलोमीटरला सुमारे वीस हजारांची घनता सांगून कोणालाही डब्यात जागा मिळालेली नाही.

मोजला जाणारा काय सांगतो

मडक्यांना आपण काय आहोत हे सांगता येत नाही; माणसांना येते. जनगणनेत धर्म आणि मातृभाषा माणूस स्वतः सांगतो. म्हणून येथे अपेक्षाबुद्धी केवळ गणकाची राहत नाही. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात सुमारे अडीच हजार बौद्ध होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. १९६१ मध्ये ही संख्या २७ लाख ८९ हजारांवर गेली. माणसे तीच होती, वस्त्या त्याच होत्या. एका प्रश्नाचे उत्तर बदलले होते. त्या उत्तराची किंमतही अनेकांनी मोजली, कारण बौद्ध म्हणून नोंद झालेल्यांना केंद्राच्या लेखी अनुसूचित जातींची मान्यता १९९० पर्यंत मिळाली नाही. कागदावरचे एक नाव खोडून दुसरे लिहिणे हे त्यांच्यासाठी धर्माचरण होते. २०११ च्या बृहन्मुंबईत बौद्ध पावणेपाच टक्क्यांहून थोडे अधिक आहेत. हिंदू ६६ टक्के आणि मुसलमान २०.६५ टक्के असून जैन चार टक्क्यांच्या, तर ख्रिस्ती सव्वातीन टक्क्यांच्या जवळपास आहेत.

पारशी समाजात प्रश्न उलट बाजूने आला. येथे नाव सांगण्याचा अधिकार कोणाला, हाच वाद होता. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. दावर आणि न्या. बीमन यांच्यासमोर चाललेल्या खटल्यात एका पारशी उद्योगपतीच्या फ्रेंच पत्नीने झरथुष्ट्री धर्म स्वीकारल्यावर ती पारशी ठरते का, असा मुद्दा निघाला. निकालात धर्म आणि वंश वेगळे केले गेले. पारशी पित्याची विधिवत धर्मात घेतलेली संतती पारशी ठरली; बाहेरून धर्मात आलेली व्यक्ती ठरली नाही. १९४१ मध्ये देशात १,१४,८९० पारशी होते, २०११ मध्ये ५७,२६४ राहिले आणि त्यांतले बहुसंख्य मुंबईत आहेत. उशिरा होणारी लग्ने, अविवाहितांचे मोठे प्रमाण, कमी जन्म आणि परदेशगमन ही या घटीची मुख्य कारणे. पण आकड्याच्या मुळाशी ‘कोणाला मोजायचे’ हा धर्मनिर्णय आहे.

भाषेच्या बाबतीत मोजणाऱ्याची बुद्धी पुन्हा पुढे येते. माणूस सांगतो ती भाषा जनगणनेच्या यादीत एखाद्या मोठ्या भाषेखाली घातली जाते. भोजपुरी हिंदीखाली जाते. मालवणी कोकणीखाली जाते. तोच सिंधुदुर्गचा माणूस ‘मराठी’ म्हणाला तर मराठीत राहतो. २००१ ते २०११ या काळात मुंबईच्या दोन जिल्ह्यांत मराठी मातृभाषा सांगणारे ४५ लाखांवरून ४४ लाखांवर आले आणि हिंदी सांगणारे सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. हा बदल खराच आहे. मात्र त्यातल्या हिंदीच्या स्तंभात अनेक बोलींचे लोक एकत्र बसलेले आहेत आणि मराठीच्या स्तंभात जो माणूस आता दिसत नाही, तो बहुधा बदलापूर, विरार किंवा पनवेलमध्ये मोजला गेला आहे.

मोजणे आणि हक्क

१९७६ साली राज्य सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणना करून ओळखपत्रे दिली. त्या कागदाने झोपडी अधिकृत झाली नाही, पण ती पाडली तर पर्यायी जागेचा दावा निर्माण झाला. १९८१ मध्ये पदपथांवरच्या वस्त्या हटवण्याची मोहीम निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘ओल्गा टेलिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८५ च्या निकालात घटनापीठाने जगण्याच्या अधिकारात उपजीविकेचा अधिकार येतो, असे मान्य केले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य झाला नाही. ज्यांची १९७६ मध्ये गणना झाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, असे न्यायालयाने सांगितले. पुढे पुनर्वसनातल्या मोफत घरासाठी १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली, ती नंतर १ जानेवारी २००० झाली आणि २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांसाठी सशुल्क घराची तरतूद आली. पुराव्यांत मतदार यादीतले नाव महत्त्वाचे धरले गेले.

नैयायिकाच्या दिव्याची उपमा येथे अपुरी पडते. दिवा घटाला प्रकट करतो, घटाचे काही वाढवत नाही. १९७६ च्या गणनेने माणसांच्या दोन जाती केल्या: एका ओळीत झोपणारे, सारखेच भिजणारे, पण एकाकडे कागद असलेले आणि दुसऱ्याकडे नसलेले. मोजण्याने येथे नवे काहीतरी उत्पन्न झाले, हे वैशेषिकांचे म्हणणे अधिक जुळते.

झोपडपट्टीची संख्याही अशीच वाचावी लागते. २००१ मध्ये बृहन्मुंबईत सुमारे ६४.७५ लाख लोक, म्हणजे ५४ टक्के, झोपडपट्ट्यांत राहतात असे दिसले. २०११ मध्ये हा आकडा ५२ लाखांवर आला. प्रमाण ४२ टक्क्यांच्या जवळ. पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या, काही वस्त्या तुटल्या आणि काही माणसे शहराबाहेर गेली. त्याशिवाय कोणत्या वस्तीला झोपडपट्टी म्हणायचे याचे निकषही आकडा घडवतात. घोषित, मान्यताप्राप्त आणि निर्धारित असे तीन प्रकार जनगणनेने मानले आणि निर्धारित वस्तीला किमान लोकसंख्येची अट घातली. त्या अटीखालची छोटी वस्ती घरांच्या दर्जाने तशीच असली तरी आकड्यात येत नाही.

कमाई कोणाची

अर्थव्यवस्थेचे आकडे माणसांच्या आकड्यांपेक्षाही अधिक रचलेले असतात. मुंबईची कहाणी साधारण अशी सांगितली जाते: १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी निघाली, १८७५ मध्ये शेअर दलालांची संघटना उभी राहिली, १९३७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय कलकत्त्याहून येथे आले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पूर्ण चालले नाही. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे आणि कार्यालये आली. कारखान्यांचा वाटा घटला. वित्त, व्यापार, बांधकाम, मनोरंजन आणि सेवांचा वाढला. आज महानगर प्रदेशाचे उत्पादन १४० अब्ज डॉलरच्या घरात मांडले जाते.

या मांडणीत काय बसते आणि काय नाही, याचा नियम ठरलेला आहे. घरातल्या माणसांनी घरासाठी केलेले काम राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत. परळच्या चाळीत बाई स्वतःच्या नवऱ्यासाठी भाकरी थापते तेव्हा उत्पन्न शून्य. तीच बाई सडाफटिंग गिरणी कामगारांना पैसे घेऊन जेवू घालते तेव्हा उत्पन्न निर्माण होते. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचे काम या सीमारेषेवर होते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा या बायकांचा धंदा बँकेला कर्ज देण्याजोगा धंदा म्हणून दिसू लागला. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जतची संस्था वाढली. तिथेही लाटणे हे घरचेच काम होते. त्याला हिशेबाची वही मिळाली आणि ते उद्योग ठरले.

कराचे आकडे दुसऱ्या बाजूने फसवे असतात. देशाच्या प्रत्यक्ष करात महाराष्ट्राचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे आणि त्यातला मोठा भाग मुंबईत जमा होतो. पण कंपनी कर भरते तो तिच्या कार्यालयाच्या पत्त्यावर. कारखाना, खाण किंवा ग्राहक दुसऱ्या राज्यात असू शकतात. मुंबई देशाला पोसते आणि देश मुंबईला पोसतो, ही दोन्ही विधाने एकाच ताळेबंदातून सिद्ध करता येतात.

सरासरी

नव्यन्यायाने संख्येच्या राहण्याबद्दल एक नेमका भेद केला. ‘दोन घट’ म्हणताना द्वित्व दोन्ही घटांत मिळून राहते; एकट्या घटाबद्दल ‘हा दोन आहे’ असे म्हणता येत नाही. या सामूहिक राहण्याच्या संबंधाला पर्याप्ती म्हणतात. सामाजिक आकड्यांतल्या पुष्कळ गफलती पर्याप्ती विसरल्याने होतात. बृहन्मुंबईची साक्षरता नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे, ती सगळ्यांत मिळून. कोणताही मुंबईकर नव्वद टक्के साक्षर नाही. दरडोई उत्पन्न हाही असाच समूहाचा धर्म आहे. मलबार हिलचा भांडवलदार आणि गोवंडीतला कचरा वेचणारा यांना एकाच भागाकारात घातले की जे मिळते ते दोघांपैकी कोणाचेही नसते, तरी धोरणाच्या भाषेत ते ‘प्रत्येकाचे’ होऊन बसते. सरासरी खोटी नाही. तिचा आश्रय समूह आहे, व्यक्ती नाही, एवढे लक्षात ठेवले की ती निरुपद्रवी होते.

संख्येचा नाश

अपेक्षाबुद्धी नाहीशी झाली की संख्या नष्ट होते, हा सिद्धांताचा शेवटचा भाग. सरकारी व्यवहारात संख्या तिच्या बुद्धीनंतरही जगत राहते. २०२१ ची जनगणना झाली नाही; पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला असून तीत जातीचीही नोंद व्हायची आहे. मधल्या काळात २०११ चेच आकडे चालू राहिले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला ठरलेली सुमारे सात कोटी लाभार्थ्यांची मर्यादा त्या आकड्यांवर बेतलेली आहे; २०११ नंतर शहरात आलेल्या किंवा जन्मलेल्या माणसाला शिधापत्रिकेवर जागा हवी तर दुसऱ्या कोणाची तरी रिकामी व्हावी लागते. ज्या मुंबईची ती गणना होती ती मुंबई आता नाही, पण तिची संख्या वाटप करते आहे.

वैशेषिक मतात एकत्वाला अपेक्षाबुद्धी लागत नाही. घट मोजला नाही तरी एक असतोच. त्या न्यायाने गणनेत सुटलेला माणूस असण्याला मुकत नाही. समूहाच्या आकड्यातल्या जागेला आणि तिच्यासोबत येणाऱ्या शिधा, घर, पाणी यांना तो मुकतो. आकडा खरा ठरवण्यासाठी म्हणून तीन गोष्टी तपासाव्या लागतात: कोणती माणसे धरली, प्रत्येकाला एक म्हणून मोजले का, आणि मोजणाऱ्याने कोणत्या हेतूने व केव्हा मोजले. समवायी, असमवायी आणि निमित्त ही तीन कारणे याच क्रमाने येतात.